अण्णा जागेवर नाहीत

देवरे अण्णा जागेवर असले की फारसे बोलत नसत आणि जागेवर नसले की त्यांना आवरणं कठीण जाई. हे मी थट्टेनं म्हणत नाही. सातपूरच्या आमच्या द्राक्ष निर्यातीच्या ऑफिसात अण्णांना त्यांच्या रजेत ज्यांनी ज्यांनी मेल पाठवला, त्या सगळ्यांचा हा अनुभव आहे. त्यातले निम्मे लोक परदेशात राहतात आणि त्यांना आपली थट्टा कळत नाही.

रजेवर जाताना कॉम्प्युटरला एक निरोप सांगून ठेवता येतो. आपण नसताना कोणाचा मेल आला की तो आपल्या वतीनं परस्पर उत्तर देऊन मोकळा होतो. बाकीच्या जगात हे उत्तर दोन ओळींचं असतं आणि ते कोणी वाचत नाही. अण्णांची उत्तरं लोक वाचत, एकमेकांना पाठवत, आणि रॉटरडॅमच्या आमच्या खरेदीदार मार्लीनबाईंनी तर एक छापून आपल्या टेबलापुढच्या बोर्डावर लावलं होतं. अण्णा आता रिटायर होऊन देवळ्याला असतात. माझं सगळं काम मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून शिकले, पण त्यांचा विषय निघाला की मला आधी आठवतात ती त्यांची ही उत्तरं. त्यातलं एकही चुकलेलं नव्हतं. चुकलं होतं ते एकच उत्तर, आणि ते मशीननं नव्हे, अण्णांनी स्वतःच्या हातानं दिलं होतं.

अण्णा म्हणजे अर्ध्या बाह्यांचा शर्ट, सदा हातातच असल्यानं खिशाला कधीच न लागणारं एक पेन, आणि घरून भरून आणलेली पाण्याची बाटली, कारण सातपूरचं पाणी त्यांच्या मते जड होतं. त्यांचं काम कागदांचं. कंटेनरमधून द्राक्षं बोटीवर चढायची तर त्यांच्या आधी कागद चढावे लागतात. सगळ्यात वर फायटो, म्हणजे मालाला कीड नाही असा सरकारी दाखला, आणि त्याच्याखाली इतर बरंच काही. जानेवारी ते एप्रिल हा आमचा सीझन. त्या दिवसांत द्राक्षं खोक्यांत भरायच्या, ऑफिसाखालच्या पॅकहाऊसमध्ये माल आणि आमच्याकडे कागद सारख्याच वेगानं येतात. या चार महिन्यांत अण्णांच्या नात्यात जी लग्नं, बारशी आणि मयतं झाली, ती सगळी अण्णांवाचून झाली.

त्यांची एक सवय होती. कोणी हाक मारली की कोणाला मारली हे न पाहता ते ओ देत. "हाक आली की आधी ओ द्यायची. कामाचं मग बघता येतं," असं ते म्हणत. पॅकहाऊसमध्ये कोणी दुसऱ्याच अण्णाला हाक मारली तरी हे टेबलावरून "ओ!" आता आमच्या भागात प्रत्येक घरात निदान एक अण्णा असतो. देवळ्याच्या बसस्टँडवर अण्णांबरोबर उभं राहणं म्हणजे शिक्षाच. तिथं तर कोणीही कोणालाही अण्णा म्हणतं आणि आमचे अण्णा सगळ्यांना ओ देत उभे. एकदा त्यांनी ओ दिली म्हणून एका अनोळखी माणसानं त्यांच्या हातात एक बोकड दिला आणि "धरा जरा, आलोच" म्हणून तो निघून गेला. अण्णांनी बस सोडली, पण बोकड सोडला नाही.

मी नवीन लागले तेव्हा मला वाटायचं, अण्णांचं इंग्रजी कच्चं आहे. मेल आला की ते चष्मा पुसत, खुर्ची पुढे ओढत आणि ओठ हलवत पहिल्या शब्दापासून वाचायला लागत. शेवटची सही झाली की त्याच्याखालचं 'झाडं वाचवा, हा मेल छापू नका' हेही वाचत. मग सगळं पुन्हा एकदा वाचून उत्तर देत. मला त्यांचा राग यायचा, कारण तोवर इकडे माझ्या डोक्यावर कंटेनरवाला नाचत असे. ऑफिसातले जुने लोक मात्र सांगत, की पूर्वी अख्ख्या नाशकात अण्णांइतकं झटपट उत्तर कोणी देत नसे. मेल येऊन पडला न पडला की यांचं ठरलेलं वाक्य परत गेलेलं असे: 'रिसीव्ह्ड विथ थँक्स. विल रिव्हर्ट.' मिळालं, आभारी आहे, बघून कळवतो. ही त्यांची मेलवरची ओ होती. मग ते वाक्य त्यांनी का सोडलं, हे विचारलं की जुने लोक चहाचं काय झालं म्हणून बघायला उठत.

आमचे धाकटे साहेब, म्हणजे मालकांचे चिरंजीव, पुण्याहून शिकून आले आणि त्यांनी नियम काढला, की रजेवर जाताना प्रत्येकानं ऑटो रिप्लाय लावायचाच. मजकूरही त्यांनीच दिला. मी ऑफिसबाहेर आहे, मला मेल पाहण्याची सोय मर्यादित आहे, वगैरे. अण्णांना ते लावून द्यायचं काम माझ्याकडे आलं.

अण्णांनी मजकूर दोनदा वाचला. "ऑफिसबाहेर म्हणजे कुठं? व्हरांड्यात?"

"म्हणजे रजेवर, अण्णा."

"आणि सोय मर्यादित कशी? देवळ्याला फुल रेंज आहे. आमच्या गच्चीवर तर सगळ्या काड्या येतात."

"तसं लिहायची पद्धत आहे."

"कोणाची?"

अण्णांच्या घरची पद्धत वेगळी होती. निघालेल्या माणसाला 'कुठं?' म्हणून टोकू नये, 'लांब का?' असं विचारावं, हे आपल्याकडे सगळेच पाळतात. पण अण्णांच्या गावी त्याची दुसरी बाजूही तेवढीच कडक पाळली जाई. समोरच्याला विचारता येत नाही, तर निघणाऱ्यानं आपण होऊन सगळं सांगावं. कुठं चाललो, कशाला चाललो, कधी येणार, दारावर कोणी आलं तर काय सांगायचं, हे शेजारी सांगितल्याशिवाय कोणी कुलूप लावत नसे. "न सांगता जाणारा माणूस एक तर चोर, नाहीतर रुसलेला जावई," असं अण्णा म्हणत. कॉम्प्युटर हा त्यांच्या दृष्टीनं शेजारी होता, आणि शेजाऱ्याच्या तोंडून खोटं वदवणं हे त्यांना स्वतः खोटं बोलण्यापेक्षा वाईट वाटत असे.

तेव्हा मजकूर त्यांनी स्वतः लिहिला. इंग्रजीतच लिहिला, पण ते इंग्रजी मराठीच होतं, त्यामुळे मी इथं ते मूळ रूपात आणते एवढंच. 'नमस्कार. मी देवळ्याला आहे. मेव्हण्याचा कांदा निघाला आहे. तो चाळीत भरून होईपर्यंत मी इथंच. कांदा चांगला आहे, पण मजूर मिळत नाहीत. मेल मला दिसतात, पण मी बघणार नाही, कारण हात मातीचे आहेत. घाई असेल तर सुजाता मॅडमना लिहा. त्या नवीन आहेत, पण न कळलं तर विचारतात. साहेबांना लिहायचं तर त्यांचा चहा झाल्यावर लिहा. तब्येतीला जपा.'

यातल्या सुजाता मॅडम म्हणजे मी. धाकट्या साहेबांनी कपाळाला हात लावला. पण मार्लीनबाईंचा उलट मेल आला, की मजूर मिळाले का? दुबईच्या एका गिऱ्हाईकानं कांद्याचा भाव विचारला. साहेबांनी दोन दिवस गंभीरपणे कांद्याचा विचार केला आणि मग अण्णांना काही बोलायचं सोडून दिलं.

त्यानंतर अण्णांना त्या सोयीची गोडी लागली. आपण समोर नसताना समोरच्याला ताटकळत ठेवायचं नाही, हे त्यांना फार पटलं होतं. मग ते डबा खायला उठतानाही निरोप लावू लागले: 'जेवायला बसलो आहे. आज मेथी आहे.' केस कापायला गेले तरी निरोप. चतुर्थीला तर दिवसभर जागेवर बसून निरोप लावला: 'आज उपास आहे, उत्तरं थोडक्यात येतील.' शेवटी धाकट्या साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"अण्णा, हे फक्त माणूस हजर नसेल तेव्हा लावायचं असतं."

"उपाशी माणूस पूर्ण हजर असतो का, साहेब?"

साहेबांनी त्या दिवशी जेवण लवकर केलं असं मला आठवतं.

अण्णांची मामी वारली तेव्हाचा प्रकार मात्र जरा वाढला. निरोप लावताना तो कधीपर्यंत ठेवायचा ती तारीख टाकावी लागते. अण्णांनी ती टाकली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "दुःखाला तारीख कुठली टाकू?" दहाव्याला जाऊन ते परत आले, कामाला लागले, आणि निरोप बंद करायचं सगळेच विसरले. त्यामुळे अण्णा जागेवर असूनही, त्यांना मेल लिहिणाऱ्या प्रत्येकासाठी मामी नव्यानं वारत राहिली. आमचे खोकेवाले दोनदा येऊन डोळे पुसून गेले. दुसऱ्यांदा ते अण्णांना म्हणाले, "एकाच महिन्यात दोन मामी! लय वाईट झालं." अण्णांनी त्यांना दोन्ही वेळा चहा पाजला. पण कळस झाला तो मामीच्या मुलामुळे. तो पुण्यात संगणकाच्या नोकरीत. त्यानं तेराव्याची वेळ अण्णांना मेलवर कळवली आणि त्याला तत्काळ उत्तर गेलं: 'माझी मामी वारली. फार मायाळू बाई. मुलगा पुण्याला असतो, फार येत नसे.' त्यानं अण्णांशी बोलणं टाकलं. मात्र वर्षश्राद्धाला तो आदल्या दिवशीच येऊन हजर राहिला, हे अण्णा मला दोनदा सांगून गेले.

इतकं सगळं हसण्यावारी चाललं होतं, आणि मीही हसत होते. दसरा येईपर्यंत.

दसऱ्याला आमच्याकडे कॉम्प्युटरची पूजा असते. पूर्वी कात्र्या आणि वजनकाटे पुजत, आता कॉम्प्युटर, स्कॅनर, छपाईचं मशीन. द्राक्षाच्या बागा तेव्हा छाटणीत असतात, ऑफिसात निवांतपणा असतो, घरची माणसंही येतात. त्या वर्षी अण्णांच्या बायको, शोभाकाकू, आल्या होत्या. ठसठशीत कुंकू, आवाज खणखणीत. त्यांनी तबक घेतलं आणि एकेका टेबलावर जाऊन कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहून झेंडूचं फूल ठेवत निघाल्या. माझा झाला, साहेबांचा झाला. अण्णांच्या टेबलापाशी आल्या आणि तबक घेऊन तशाच पुढे गेल्या.

"काकू, अण्णांचा राहिला," मी म्हटलं.

"याला नको."

मला वाटलं, नवराबायकोचं काही असेल. पण पेढे वाटताना काकूंनी मला कोपऱ्यात घेतलं आणि पेढ्याचा खोका हातात धरून, आवाज जराही न उतरवता, सगळं सांगितलं.

अण्णांची मुलगी पल्लवी आयर्लंडला असते, जावई तिथल्या हॉस्पिटलात नोकरीला. लग्नाआधी पुण्याला हॉस्टेलवर होती तेव्हापासून ती बापाला ऑफिसच्या मेलवरच लिहायची. फोन अण्णा उचलत नसत, सीझनात तर नाहीच, पण मेलला उत्तर ताबडतोब, हे तिला ठाऊक होतं. मी लागायच्या आधीच्या सीझनात तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं. सकाळपासून तिनं अण्णांना फोन केले. अण्णा पॅकहाऊसच्या थंड खोलीत कंटेनर भरत होते. मग तिनं मेल लिहिला, लांबलचक, जे आईला सांगवत नव्हतं ते सगळं. अण्णा टेबलापाशी आले, मेल आल्याचं पाहिलं, आणि हातानं सवयीनं आपलं वाक्य टाइप केलं. मिळालं, आभारी आहे, बघून कळवतो. आणि कंटेनरकडे परत गेले.

"आभारी आहे!" काकू म्हणाल्या. "पोरीचं मूल गेलं, आणि बाप म्हणतो आभारी आहे. मलासुद्धा जावयाच्या फोनवरून कळलं, तेही अंधार पडल्यावर. मी यांना फोन केला, तेव्हा यांनी तो मेल उघडून वाचला. पॅकहाऊसच्या पायरीवर बसून राहिले, दोन माणसांनी उचलून गाडीत घातलं."

पल्लवी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं काकूंचं म्हणणं. ती फक्त बापाला मेल लिहायची बंद झाली. फोनवर अण्णा आले की 'बरे आहात ना, आईला द्या' एवढंच. आणि अण्णांनी ते वाक्य पुन्हा कधी टाइप केलं नाही. मेल ओठ हलवत दोनदा का वाचतात, झाडं वाचवा इथपर्यंत का वाचतात, ते मला त्या दिवशी समजलं. मला माझ्या रागाची लाज वाटली.

"आता पुन्हा दिवस आहेत तिला," काकू पुढे म्हणाल्या. "फाल्गुनात भरतात. डॉक्टरांनी विमानात बसायला मनाई केलीय. पोर माहेरी येऊ शकत नाही तर माहेर उचलून तिकडं न्यायला हवं. आता माहेर म्हणजे मी एकटीच का? ती म्हणते, अण्णांना आग्रह करू नको, त्यांचा सीझन असतो. आले तर आले. तिचं हे 'आले तर आले' मला ऐकवत नाही."

फाल्गुन म्हणजे ऐन सीझन. अण्णा जाणार का, आणि गेले तर टिकणार का, हा आमच्या ऑफिसात त्या दिवसापासूनचा प्रश्न झाला. अण्णांनी तिकीट काढलं, व्हिसा आला, काकूंनी आळीव, डिंक, बाळंतशेपा आणि जुन्या मऊ साड्यांची गोधडी असं सामान बांधलं. अण्णा रोज जेवणाच्या सुट्टीत निरोपाचा मजकूर लिहीत आणि खोडत. मला दाखवत नसत. निघायच्या सकाळी त्यांनी तो कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवला. फक्त चालू करायचं बटण दाबायचं राहिलं होतं.

आणि त्याच सकाळी बोट बदलली. आमच्या मालाला दुसरी बोट मिळाली, म्हणजे ज्या ज्या कागदावर बोटीचं नाव होतं तो प्रत्येक कागद नव्यानं करायचा. खाली टॅक्सी उभी होती, सामान वर बांधलेलं, कसाऱ्याच्या घाटात ट्रक अडकल्याचं ड्रायव्हर दोनदा वर येऊन सांगून गेला होता. अण्णा स्वेटर घालून टेबलाशी बसलेले.

"मी करते अण्णा, तुम्ही निघा," मी म्हटलं.

"तू करशील गं. पण."

साहेब येऊन उभे राहिले आणि शक्य तितक्या हळू आवाजात म्हणाले, "अण्णा, काकूंना आज पुढं पाठवलं आणि तुम्ही आठवड्यानं गेलात तर? तिकिटाचं मी बघतो." साहेब दुष्ट नव्हते. तेही घाबरले होते. अण्णांचा चेहरा मी बघितला. त्यांना जायचं नव्हतं असं नाही. त्यांना भीती वाटत होती. काम आपल्यावाचून अडेल याची होती, की अडणार नाही याची, की तिकडे मुलीसमोर जाऊन उभं राहण्याची, हे त्यांचं त्यांना तरी सांगता आलं असतं का, कोण जाणे. त्यांनी एक कागद ओढला आणि बोटीचं नवं नाव लिहायला घेतलं.

जिन्यात पावलं वाजली. शोभाकाकू वर आल्या होत्या. त्यांनी ना साहेबांकडे पाहिलं, ना नवऱ्याकडे. सरळ मला विचारलं, "यांचा निरोप कुठल्या बटणानं सुरू होतो?"

मी माउस धरून दाखवलं. काकूंनी पदर खोचला आणि एका बोटानं, जरा जास्तच जोरात, ते दाबलं. स्क्रीनच्या वर पिवळी पट्टी आली: निरोप सुरू आहे.

"हे काय केलंस?" अण्णा म्हणाले.

काकू काही बोलायच्या आतच एक मेल येऊन पडला. मार्लीनबाईंचा, बोटीबद्दलच. आणि आमच्या डोळ्यांदेखत त्याला अण्णांचं उत्तर निघून गेलं. पाठवलेल्या मेलमध्ये ते मी तिथंच उभ्या उभ्या वाचलं.

'नमस्कार. मी निघालो आहे. माझ्या मुलीचं बाळंतपण आहे, मी तिच्याकडे आहे. मागच्या वेळी मी तिला न वाचता उत्तर दिलं होतं. म्हणून या वेळी तुम्हाला देणार नाही. राग मानू नये. कागदाचं सगळं सुजाता मॅडम बघतील. त्या आता नवीन नाहीत.'

तेवढ्यात मार्लीनबाईंचा उलट मेल आला. अण्णांचा हात सवयीनं माउसकडे गेला.

"वाचू नका," काकू म्हणाल्या. "तुम्ही इथं नाही."

अण्णांनी हात मागे घेतला. ते त्या पिवळ्या पट्टीकडे बघत राहिले. मग चष्मा काढला, पुसला, खिशात ठेवला आणि मला म्हणाले, "तिकडं सांगून झालंय निघालो म्हणून. आता बसलो तर खोटं पडेल." आणि उठले. माणसाला खुर्चीतून उठवायला बायकोचा आग्रह पुरत नाही, मुलीची आठवण पुरत नाही, आणि रॉटरडॅमला गेलेला एक निरोप पुरतो, हे मी स्वतः पाहिलं. कोणी म्हणेल, विचित्र माणूस. मला तसं वाटलं नाही.

दारापाशी अण्णा पुन्हा घुटमळले, बाटली राहिली म्हणाले. काकूंनी त्यांच्या दंडाला धरलं. "बठ्ठं व्हई जाई. चाला आते." म्हणजे, सगळं होऊन जाईल, चला आता. घरातली अहिराणी काकू ऑफिसात कधी बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या. टॅक्सी गेल्यावर मी अण्णांच्या टेबलाशी कागद घ्यायला गेले, तर कॉम्प्युटरच्या कडेला दसऱ्याला राहिलेलं कुंकवाचं एक बोट उमटलेलं होतं. मी ते पुसू दिलं नाही.

बोटीचे कागद मी केले. दोन चुकले, ते पुन्हा केले. पुढेही बरंच काही चुकलं आणि निभावलं. एकदाच फार अडलं. आमचा एक कंटेनर परदेशी बंदरावर अडकला, कारण एका जुन्या बागायतदाराच्या नोंदणीचा घोळ होता आणि त्याचा मागचा इतिहास फक्त अण्णांना माहीत. मी वर 'अतिशय तातडीचं' असं लिहून अण्णांना मेल केला. पापणी लवायच्या आत उत्तर आलं. 'नमस्कार. मी निघालो आहे. माझ्या मुलीचं बाळंतपण आहे.' मला ते उत्तर तोंडपाठ होतं, तरी तेव्हा इतका संताप आला की मी टेबलावर हात आपटला. साहेब म्हणाले, व्हिडिओ कॉल लावा. लावला.

फोन पल्लवीनं उचलला. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं, आणि चेहरा मात्र सगळा हसरा. मी माझं नाव सांगून एका दमात सगळा घोळ सांगायला लागले. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि फोन हळूच मागे वळवला.

खिडकीबाहेर राखाडी उजेड होता. खिडकीपाशी खुर्चीत अण्णा बसले होते. घरात असून डोक्याला माकडटोपी, अंगात तोच स्वेटर, आणि छातीवर काकूंच्या गोधडीत गुंडाळलेलं एवढंसं काहीतरी. त्यांचं फोनकडे लक्षच नव्हतं. ते गुंडाळलेलं मधूनच मांजरीच्या पिल्लासारखं कुं करत होतं.

पल्लवीनं फोन पुन्हा स्वतःकडे घेतला. "ताई, तुमचा मेल मिळाला," ती कुजबुजली. "आभारी आहोत. पण अण्णा जागेवर नाहीत."

ते वाक्य ती हसत हसत म्हणाली. ज्या वाक्यानं तिचं एवढं दुखलं होतं, ते तिनं असं सहज उचलून माझ्या हातात दिलं, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. कंटेनरचं मी बघते म्हटलं, आणि पुढे बघितलंही. अण्णा उन्हाळ्यात परत आले, आणखी एक सीझन त्यांनी केला, मग निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं. ते सगळं मी पाहिलं, पण अण्णा म्हटलं की मला ते दिसत नाही.

मी फोन ठेवणार एवढ्यात मागून पुन्हा कुं ऐकू आलं. पल्लवी बोलता बोलता थांबली आणि आम्ही दोघींनी ऐकलं. गोधडीकडे मान वाकवून, आधी पूर्ण ऐकून घेऊन, मग अगदी सावकाश, अण्णांनी ओ दिली.